त्या दिवशी उजेड कसा होता

‘मी फोटोला हात लावत नाही, कॅमेऱ्यातून आला तसाच ठेवतो,’ असं काही निसर्गछायाचित्रकार अभिमानाने सांगतात. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे. पण कॅमेऱ्यातून येणारा जेपेग आधीच संपादित झालेला असतो. रंग किती गडद, कडा किती धारदार, सावली किती काळी हे कंपनीने आधीच ठरवून ठेवलेलं असतं, आणि ठरवताना तिच्यासमोर आंबोलीचा पाऊस नव्हता की ताडोबाची मे महिन्यातली धूळ नव्हती. फोटोला हात लागतोच. तो कुणाचा आणि कशासाठी, ते आपण ठरवायचं.

ठरवताना मी स्वतःला विचारते, की त्या दिवशी, त्या वेळी, तिथे उजेड कसा होता? निसर्गाचा फोटो ही नोंद असते. त्यातून ऋतू कळला पाहिजे, वेळ कळली पाहिजे, जीव कोणता ते ओळखता आलं पाहिजे. संगणकाशी बसून मी जे काही शिकले ते याच हिशेबाने शिकले.

१. जागेवरच चार शब्द टिपून ठेवा

रंगाची आठवण फार लवकर फिकी पडते. आठवड्याने फाइल उघडली की गवत किती हिरवं होतं ते आठवत नाही. आठवतं ते आपल्याला हवं असलेलं गवत. म्हणून मी तिथेच मोबाइलवर टिपते : ‘सकाळ, दाट ढग, सावल्या नाहीत, जांभा भिजून जवळजवळ काळा, गवताची टोकं पिवळी.’ वाटलं तर बोलून ठेवते. पुढे स्लायडर सरकवताना हीच टिपणं शेजारी असतात.

२. रॉ फाइलच काढा

आठ बिटच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. चौदा बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. भर उजेडात फरक जाणवत नाही. पण शेकरू दाट फांदीत बसलंय आणि मागे पांढरं आकाश आहे, अशा वेळी त्याच्या पोटाकडचा भाग उजळायला घ्या. जेपेगमध्ये तिथे डाग आणि पट्टे दिसायला लागतात, रॉमध्ये लव दिसते. शिवाय रॉवर काम करणारी सॉफ्टवेअर मूळ फाइल बदलत नाहीत, काय बदल करायचा त्याच्या सूचना वेगळ्या लिहून ठेवतात. पाच वर्षांनी मत बदललं तरी मूळ जागच्या जागी असतं. लाइटरूम परवडत नसेल तर डार्कटेबल आणि रॉथेरपी फुकट मिळतात, आणि दोन्ही उत्तम आहेत.

३. आधी स्क्रीन तपासा

रात्री स्क्रीन पिवळसर करणारं ‘नाइट लाइट’ बंद करा. ते चालू ठेवून दुरुस्त केलेला फोटो सकाळी निळा दिसतो. स्क्रीनची चकाकीही कमी करा. प्रिंट काळपट आली म्हणून लॅबला बोल लावला जातो, आणि बहुतेक वेळा कारण घरची स्क्रीन भलतीच उजळ ठेवलेली असते हेच असतं. नियमित काम करणाऱ्याने कॅलिब्रेशनचं यंत्र घ्यावं, नाहीतर मित्राकडून अधूनमधून मागून आणावं. खोलीतला दिवा एकच ठेवा आणि चमकदार रंगाच्या भिंतीसमोर बसू नका.

४. लाल फुलांसाठी तीन आलेख वेगवेगळे बघा

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर फुलली की सगळेच फोटो काढतात, आणि बहुतेक फोटोंत फुलाच्या जागी एकजात केशरी ठिगळ दिसतं. पाकळीची शीर नाही, कड नाही. फोटो जास्त उजळ झाला असेल म्हणून हिस्टोग्राम बघावा, तर तो अगदी व्यवस्थित असतो.

तो आलेख एकूण उजेडाचा असतो. लाल, हिरवा आणि निळा असे तीन आलेख वेगळे काढून बघा. हिरवा आणि निळा डावीकडे निवांत असतात, लाल मात्र उजव्या भिंतीला जाऊन चिकटलेला असतो. लाल रंगाची क्षमता तिथे संपली, त्यापुढचे बारकावे सपाट झाले. अशा वेळी मी आधी एक्स्पोजर खाली आणते. मग व्हाइट बॅलन्स किंचित थंडाकडे नेते, कारण फोटो उबदार करणं म्हणजे लाल रंगाला आणखी ढकलणं. त्यानंतर फक्त लाल आणि केशरीचं सॅच्युरेशन थोडं उतरवते. पळसाच्या पाकळीवर मखमलीसारखी बारीक लव असते. ती दिसायला लागली की थांबायचं. आजूबाजूचं आकाश आणि फांद्या मग वेगळ्या मास्कने पुन्हा वर आणता येतात.

फूल अजून झाडावर असेल तर याहून सोपा उपाय आहे : जागेवरच पाऊण स्टॉप कमी उजेडात आणखी एक फोटो घ्या. बगळ्याच्या पांढऱ्या पिसांनाही हेच लागू आहे. तिथे तिन्ही आलेख एकदम भिंतीला टेकतात, आणि एकदा पूर्ण पांढरं झालेलं पीस कोणत्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही.

५. ऑटो व्हाइट बॅलन्सला जंगल कळत नाही

दाट झाडीत वरून येणारा उजेड पानांतून गाळून हिरवा होऊन येतो. कॅमेऱ्याला वाटतं, हिरवा रंग चुकून वाढलाय. मग तो गुलाबी-जांभळा मिसळून ‘दुरुस्ती’ करतो, आणि पानांमधून दिसणारं आकाश गुलाबी पडतं. दुपारच्या उन्हासाठी ५,५०० केल्विन, ढगाळ दिवसासाठी ६,५००, सावलीसाठी सात हजारांच्या पुढे, हे आकडे सुरुवात म्हणून ठीक. त्यानंतर टिपण वाचायचं आणि डोळ्यांनी ठरवायचं.

करड्या दगडावर ड्रॉपर टेकवून रंग ‘बरोबर’ करण्याची सोय आहे, पण पहाटे ती वापरू नका. भिगवणला सूर्य वर येताना रोहित पक्ष्यांवर जो पिवळा उजेड पडतो, तो ड्रॉपरने एका क्लिकमध्ये नाहीसा होतो आणि सकाळी साडेसहाचा फोटो दुपारी बाराचा होतो.

जीव ओळखायचा असेल तर हे आणखी महत्त्वाचं. आंबोलीच्या सड्यावर सापडणारा आणि तिचंच नाव मिळालेला भेक २००९ साली नवी प्रजाती म्हणून नोंदला गेला. त्याच्या कुशीवर पिवळे पट्टे असतात. पावसाळी फोटोला ‘मूड’ यावा म्हणून सगळा रंग निळ्याकडे ओढला की आधी तेच पट्टे मरतात, आणि तपकिरी दगडावरचा कुठलाही तपकिरी बेडूक उरतो.

६. पावसाळ्यातला हिरवा हा एक रंग नाही

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि तो वाया जातो असं मला कधी वाटलं नाही.

जुलैमधला सह्याद्रीचा उतार नीट बघा. भाताची रोपं पिवळसर पोपटी, शेवाळ काळसर, कारवीची पानं मळकट, फर्नची नवी पानं जवळजवळ पारदर्शक. सॅच्युरेशनचा स्लायडर उजवीकडे नेला की हे सगळे हिरवे एकाच रंगात जाऊन बसतात आणि डोंगर प्लॅस्टिकचा दिसतो.

आता एक प्रयोग करा. असा फोटो उघडून फक्त ‘हिरवा’ स्लायडर हलवा. गवतावर फारसा परिणाम होत नाही. मग ‘पिवळा’ हलवा, अख्खा उतार बदलतो. आपल्याला हिरवं दिसणारं गवत आणि बहुतेक कोवळी पानं सॉफ्टवेअरच्या लेखी पिवळ्यातच मोडतात. म्हणून मी काम पिवळ्यापासून सुरू करते : सॅच्युरेशन थोडं खाली, रंगछटा किंचित हिरव्याकडे, उजळपणा थोडा कमी. खरा हिरवा स्लायडर जवळजवळ तसाच ठेवते.

इतकी काळजी घ्यायची कारण आपला डोळा हिरव्याच्या भागात सर्वांत तीक्ष्ण असतो. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७६ साली पेटंट मिळवलेली जाळी आज बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर असते. तिच्यात निम्मे चौकोन हिरवे, पाव लाल आणि पाव निळे असतात, तेही डोळ्याच्या याच स्वभावामुळे. खोटा लाल एकवेळ खपून जातो. खोटा हिरवा शेतावर न गेलेल्या माणसालाही खटकतो, मग त्याला कारण सांगता येवो न येवो.

पिवळ्याला हात लावताना एक सांभाळा. आपला राज्यपक्षी हरियाल हिरव्या पानांत बसतो आणि त्याचे पाय पिवळे असतात. सह्याद्रीच्या दाट जंगलात त्याचा एक भाऊबंद आहे, त्याचे पाय लालसर. पूर्ण फोटोचा पिवळा उतरवला तर ओळखीची खूणच पुसट होते. पक्ष्यावर मास्क घालायचा आणि पानांचं काम त्याच्या बाहेर करायचं.

ओल्या पानांवरची पांढरी चकाकी मात्र संगणकावर जात नाही. चकाकीखाली पानाचा रंग नोंदलाच गेलेला नसतो. त्यासाठी लेन्सवर पोलरायझरच लावावा लागतो.

७. धुकं पुसू नका

‘डीहेझ’ नावाचा स्लायडर आला आणि पावसाळी फोटोंतला पाऊसच गेला. समोरचा कडा स्पष्ट दिसावा म्हणून तो ओढला जातो. धुकं विरतं, कडा पुढे येतो, आणि दरी किती खोल होती ते कळेनासं होतं. कारण मागचा डोंगर पुढच्यापेक्षा फिका असतो यावरूनच आपल्याला अंतर समजतं. मी कधीकधी हा स्लायडर उलटा, शून्याच्या डावीकडे नेते. पुढचं झाड किंवा खडक तेवढा मास्क करून थोडा गडद करायचा, मागच्याला हात लावायचा नाही.

८. धार डोळ्याला द्या, आकाशाला नको

शार्पनिंग करताना फोटो शंभर टक्के मोठा करून बघा. लाइटरूममध्ये ‘मास्किंग’चा स्लायडर आल्ट कळ दाबून ओढला की फोटो काळा-पांढरा होतो. पांढऱ्या भागालाच धार लागणार असते. पक्ष्याचा डोळा, चोच आणि पिसांच्या कडा पांढऱ्या राहून मागचं सगळं काळं होईपर्यंत तो ओढा.

नॉइज काढणारी एआय साधनं २०२३ नंतर फार चांगली झाली आहेत आणि मीही ती वापरते. तरी पूर्ण जोरावर कधीच नाही. संधिप्रकाशात ६,४०० आयएसओला काढलेल्या वाघाच्या फोटोत जिथे माहितीच नाही तिथे हे साधन अंदाजाने केस रंगवतं. वाघ मोजणारे त्यांच्या पट्ट्यांवरून एकेक जनावर ओळखतात. त्या पट्ट्यांची कड मला रवाळ चालेल, अंदाजाची नको.

९. धूळ पुसा, फांदी ठेवा

सेन्सरवरच्या धुळीचे डाग लहान छिद्राने काढलेल्या फोटोत आकाशात राखी ठिपके होऊन दिसतात. ते पुसलेच पाहिजेत. तिथे ते नव्हतेच. पक्ष्यासमोरची फांदी मात्र तिथे होती. ती बाभळीची होती की बोरीची, यावरून पक्षी कुठे वावरतो ते कळतं. आज दोन क्लिकमध्ये ती नाहीशी करता येते, म्हणून हा प्रश्न रोज समोर येतो. नॅशनल जिओग्राफिकने १९८२ साली फेब्रुवारीच्या मुखपृष्ठासाठी गिझाचे पिरॅमिड संगणकावर एकमेकांच्या जवळ सरकवले होते. त्याची चर्चा अजून होते, कारण वाचक त्या मासिकाकडे जगाची नोंद म्हणून बघत होते. वन्यजीव छायाचित्रणाच्या मोठ्या स्पर्धा म्हणूनच मूळ फाइल मागतात.

नको असलेलं काढायचं असेल तर क्रॉप करा, पण हिशेब ठेवून. ६,००० बाय ४,००० पिक्सेलचा फोटो दोन्ही बाजूंनी निम्मा केला की चोवीस मेगापिक्सेलचे सहाच उरतात. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर त्यातून साधारण दहा बाय पावणेसात इंचांची प्रिंट निघते.

१०. काजव्यांचा फोटो जोडलेला असेल तर तसं लिहा

जूनच्या तोंडावर भंडारदरा, राजमाची परिसरात झाडं काजव्यांनी लखलखतात. त्या फोटोंत दिसणारा प्रकाशाचा सडा एका क्षणाचा नसतो. कॅमेरा तिपाईवर ठेवून ओळीने बरेच फोटो घेतात आणि फोटोशॉपमध्ये ‘लाइटन’ पद्धतीने एकावर एक रचतात. प्रत्येक ठिकाणचा सर्वांत उजळ ठिपका तेवढा राहतो, आणि अर्ध्या तासातली सगळी चमक एकत्र दिसते. हे तंत्र मला मनापासून आवडतं. खाली ‘अनेक फोटो एकत्र करून’ एवढं लिहिलं की झालं. न लिहिल्यास लोक तसंच दृश्य बघायला गर्दीने येतात, ते दिसत नाही म्हणून टॉर्च मारतात, आणि उजेडात काजव्यांचे एकमेकांना दिलेले इशारे हरवतात.

११. रात्री संपवलेला फोटो सकाळी पुन्हा बघा

आणि केलेले सगळे बदल साधारण एक तृतीयांशाने कमी करा. माझ्या बाबतीत हे जवळजवळ नेहमीच बरोबर ठरतं.

१२. बाहेर पाठवताना जागेचा पत्ता काढा

मोबाइल आणि बरेच कॅमेरे फाइलमध्ये अक्षांश-रेखांश लिहून ठेवतात. एक्स्पोर्ट करताना लोकेशन काढून टाकण्याचा पर्याय असतो, तो कायमचा चालू ठेवा. सह्याद्रीत कंदीलपुष्पाच्या काही जाती मोजक्याच डोंगरांवर उरल्या आहेत. नेमकी जागा कळली की फोटो काढायला रांग लागते, आजूबाजूची रोपं पायाखाली जातात, कंदही उकरले जातात. मागे ओळखीचा सुळका दिसत असेल तर दुसरी फ्रेम निवडा. घरट्यांच्या बाबतीतही हेच करा. फोटोखाली जिल्ह्याचं नाव पुरतं. तारीख मात्र काढू नका, कोणतं झाड कधी फुललं हे पुढे त्यावरूनच समजतं. मूळ रॉ फाइल अक्षांश-रेखांशासकट दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि कुणा अभ्यासकाने खात्रीलायक कामासाठी मागितली तर द्या.