झाड कशाचे बनते?

मुलांनो, एवढ्याशा बीपासून उंच झाड होते. त्याचे लाकूड कशाचे बनते? तुम्ही म्हणाल, मातीचे.

सतराव्या शतकात आजच्या बेल्जियममध्ये व्हॅन हेल्माँट नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी मोठ्या कुंडीत सुमारे ९० किलो कोरडी माती भरली. तिच्यात सव्वादोन किलो वजनाचे विलोचे रोप लावले. ५ वर्षे फक्त पाणी घातले. झाड सुमारे ७७ किलोचे झाले. माती मात्र ६० ग्रॅमसुद्धा कमी झाली नाही! झाड पाण्यापासूनच बनते, असे त्यांना वाटले. पण ते अपुरे होते.

पानांना बारीक छिद्रे असतात. त्यांतून हवेतील कार्बन डायऑक्साइड आत जातो. सूर्यप्रकाशात पाने हा वायू आणि पाणी यांपासून साखर तयार करतात व ऑक्सिजन बाहेर सोडतात. त्याच साखरेपासून खोड, फांद्या व मुळे घडतात. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो.

लाकूड जाळले, की हा कार्बन पुन्हा हवेत जातो. मागे मूठभर राख उरते. मातीने दिले ते एवढेच! मग सांगा, कुऱ्हाड उचलण्यापूर्वी आपण विचार करायला नको का?