नावाची पट्टी

हॉटेलात "ए, इकडे ये!" अशी हाक आपण नेहमी ऐकतो. वाढप्याच्या छातीवर नावाची पट्टी असली, की गिऱ्हाईक म्हणते, "सलीमभाई, जरा पाणी द्या." एवढ्या पट्टीने हाक बदलते!

पण पट्टी टिकली पाहिजे. कागदी पट्टीवर रस्सा सांडतो, घामाने शाई पसरते आणि थोड्याच दिवसांत सलीमचा 'लीम' होतो. त्यापेक्षा दोन रंगांच्या थरांची प्लॅस्टिकची पट्टी घ्यावी. यंत्राने वरचा थर कोरला, की खालच्या रंगाची अक्षरे दिसू लागतात. ती धुतली तरी जात नाहीत. पितळेची पट्टी झकास दिसते, पण रोज घासणार कोण?

टाचणीने सदऱ्याला भोके पडतात. लोहचुंबकाने पडत नाहीत. मात्र छातीत पेसमेकर बसवलेल्या माणसाने चुंबक लावू नये.

नाव कसे लिहायचे, हे आधी त्या वाढप्यालाच विचारावे. कोरलेले अक्षर खोडता येत नाही.