मध्यशिरेची नळी : बालरुग्णाचा आधार

रक्ताच्या कर्करोगाशी झुंजणाऱ्या बालकाला सर्वांत मोठे भय कशाचे वाटते, असे मला कोणी विचारले, तर मी 'सुईचे' असेच उत्तर देईन. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. रक्ततपासणी, रक्तघटक, औषधे यांसाठी पुनःपुन्हा टोचल्याने हाताच्या कोवळ्या शिरा निकामी होतात. व्हिन्क्रिस्टिनसारखे औषध शिरेबाहेर झिरपले, तर तेथील ऊती मृत होऊ शकतात.

सेंट्रल लाइन हा यावरील उपाय होय. मानेतील, छातीच्या वरच्या भागातील किंवा दंडातील शिरेतून सरकवलेल्या मऊ नळीचे टोक हृदयाच्या उजव्या कर्णिकेजवळ, ऊर्ध्व महाशिरेत राहते. तेथील रक्ताच्या वेगवान ओघात दाहक औषध तत्काळ विरळ होते. काही आठवड्यांच्या उपचारांना दंडातील 'पिक लाइन' पुरते. दीर्घ उपचारांसाठी हिकमन नळी अथवा त्वचेखाली बसवलेला 'पोर्ट' वापरतात.

'हृदयाजवळ नळी?' हा पालकांचा प्रश्न स्वाभाविकच आहे. १९२९ मध्ये वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टराने स्वतःच्याच हातातून हृदयापर्यंत नळी नेली, तेव्हा त्याची अवहेलना झाली. १९५६ मध्ये त्यालाच नोबेल पारितोषिक मिळाले.

खरा धोका आहे तो जंतुसंसर्गाचा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मिशिगनमधील अभ्यासाने दाखवून दिले, की हात धुणे, संपूर्ण निर्जंतुक आवरण, क्लोरहेक्सिडिन, मांडीतील शिर टाळणे आणि अनावश्यक नळी त्वरित काढणे या पाच साध्या नियमांनी हा संसर्ग विलक्षण घटतो. यांपैकी एकही नियम महागड्या यंत्रावर अवलंबून नाही.

मोठ्या शहरात नळी बसवून बालक गावी परतते, तेव्हा त्याची धुरा कुटुंबवैद्यावर येते. माझ्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंती, की अशा बालकाला ताप अथवा थंडी वाजून आल्यास केवळ पॅरासिटामॉल देऊन दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. रक्त कल्चरसाठी घेऊन तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे. ती सोय नसेल, तर बालकाला विनाविलंब रुग्णालयात धाडावे. पालकांनी पट्टी कोरडी ठेवावी, हात धुतल्यावाचून नळीस स्पर्श करू नये. बाहेरची नळी फाटल्यास फाटलेल्या जागेच्या वर, शरीराच्या बाजूस, चिमटा लावून तत्काळ रुग्णालय गाठावे.

नळी रोग बरा करीत नाही. औषधांची वाट मात्र मोकळी ठेवते. ती वाट निर्मळ राखणे हे आपणा सर्वांचेच कर्तव्य आहे.