मोकळी सोडायची त्वचा

चि. ओंकार,


तू केलेल्या पोर्ट्रेट टॅटूचा फोटो पाहिला. लायनिंग छान जमलंय. गालावरचं शेडिंग मात्र पट्ट्यापट्ट्यांनी उतरलंय, आणि त्या पट्ट्या मिटवायला तू त्याच जागी पुन्हापुन्हा सुई फिरवलीस, हे सुजेवरूनच कळतं.

ग्रे वॉशच्या, म्हणजे पाणी घालून फिकी केलेल्या काळ्या शाईच्या, आणखी दोन बाटल्या मागवतो म्हणतोस. नको मागवूस. काळ्या-करड्या टॅटूची ही शैली ज्यांनी घडवली, त्या कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांतल्या मेक्सिकन-अमेरिकन कैद्यांकडे होतं काय? कॅसेट प्लेअरची मोटर, गिटारच्या तारेची एकच सुई आणि काळी शाई. १९७५ मध्ये चार्ली कार्टराइट आणि जॅक रूडी यांनी पूर्व लॉस एंजेलिसमध्ये दुकान काढलं, फ्रेडी नेग्रेटे पुढे तिथेच आला, आणि तुरुंगातलं हे काम रस्त्यावरच्या दुकानात मानानं बसलं. काळ्या ठिपक्यांमध्ये किती त्वचा मोकळी ठेवायची, एवढ्यावर त्यांचा करडा रंग उभा होता.

तुझी अडचण हातात आहे. तू आधी सुई टेकवतोस आणि मग हात हलवतोस. म्हणून प्रत्येक फटक्याच्या सुरुवातीला गडद डाग पडतो. हात चालू असतानाच सुई टेकव, चालू असतानाच उचल. कर्व्हड मॅग्नम सुई वापर, लहान लंबगोल फिरव, दुसरा थर पहिल्याला तिरका जाऊ दे. डाव्या हातानं त्वचा ताणून धर; सैल त्वचेवर कुणाचंच शेडिंग सपाट बसत नाही. पुसताना घासू नकोस, टिपून घे, नाहीतर गडद शाई फिक्या भागात शिरते. त्वचा चकाकायला लागली, रक्ताचे बारीक थेंब दिसू लागले, की मशीन खाली ठेव. राहिलेलं काम महिन्याभरानं होईल.

आता आपल्या रंगाबद्दल. शाई त्वचेच्या आतल्या थरात राहते आणि त्वचेचं रंगद्रव्य तिच्या वरच्या थरात. म्हणजे गव्हाळ किंवा सावळ्या माणसाचा टॅटू आपण कायम तपकिरी पडद्यातून बघतो. परदेशी व्हिडिओत गोऱ्या हातावर खुलणारा सर्वांत फिका वॉश आपल्याकडे जखम भरल्यावर दिसतच नाही. शिवाजी महाराजांचं पोर्ट्रेट मागणारे तुझ्याकडे रोज येतात. तिथे दाढी आणि डोळ्यांच्या खोबणी निर्धास्त काळ्या कर, मधली एकच छटा ठेव, आणि कपाळ, नाकाचा कणा, गालाचा उंचवटा मोकळा सोड. पांढऱ्या शाईचे हायलाइट मला आवडत नाहीत. आपल्या त्वचेवर ते बहुधा पिवळट पडतात.

एका बाबतीत मात्र सवलत नाही. वॉश घरी करताना बाजारातलं डिस्टिल्ड वॉटर वापरतोस, ते बंद कर. डिस्टिल्ड म्हणजे निर्जंतुक नव्हे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात आधीच मिसळून आलेल्या ग्रे शाईतून १९ जणांना मायकोबॅक्टेरियाचा त्वचासंसर्ग झाला होता. निर्जंतुक केलेलं सीलबंद पाणीच घे, आणि कॅपमध्ये उरलेली शाई त्याच दिवशी टाकून दे.

ताज्या कामाचे फोटो पाठवू नकोस. ताजं काम सगळ्यांचंच गडद आणि गुळगुळीत दिसतं. हाच क्लायंट महिन्यानं बोलाव, खिडकीच्या उजेडात फोटो काढ आणि तो मला पाठव.

तुझा,
मामा