सारखे झाड, निराळे तेल

वनस्पतीची पाने, फुले, साल किंवा मुळे यांतून वाफेबरोबर निघणाऱ्या सुवासिक तेलास बाष्पनशील तेल असे म्हणतात. करडईच्या तेलाप्रमाणे ते घाण्यातून काढीत नाहीत. कागदावर पडलेला त्याचा डाग काही वेळाने उडून जातो. निलगिरीचे तेल व रोशाचे तेल ही त्याची परिचित उदाहरणे होत. अशा तेलाची पारख वनस्पतीच्या रूपावरून होत नाही, ही गोष्ट ऑस्ट्रेलियातील रसायनशास्त्रज्ञ आर्थर पेनफोल्ड (१८९०–१९८०) यांच्या कार्यावरून चांगली समजते.

पेनफोल्ड यांनी सिडनी येथील तांत्रिक संग्रहालयात आपले आयुष्य वेचले व १९२७ पासून १९५५ पर्यंत ते त्या संस्थेचे प्रमुख होते. न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागात जांभळाच्या कुळातील एक लहान झाड दलदलीच्या जागी उगवते. त्यास टी ट्री म्हणतात. तथापि आपल्या चहाशी त्याचा संबंध नाही. तेथील बुंडजलुंग आदिवासी त्याची पाने जखमेवर लावीत. १९२० नंतरच्या दशकात पेनफोल्ड यांनी या पानांच्या तेलाची परीक्षा केली. त्या काळी जंतुनाशकाची शक्ती कार्बोलिक आम्लाशी ताडून मोजीत. हे तेल त्याहून ११ पट किंवा अधिक प्रभावी असल्याचे प्रयोगांती दिसून आले. अशा रीतीने लोकांच्या अनुभवास मोजमापाचा आधार मिळाला.

त्यांचा दुसरा शोध शेतकऱ्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. १९२७ मध्ये त्यांनी व त्यांचे सहकारी मॉरिसन यांनी निलगिरीच्या एकाच जातीच्या झाडांचे तेल निरनिराळे असते असे दाखविले. झाडे दिसावयास सारखीच. परंतु काहींच्या तेलात पिपेरिटोन, तर काहींच्या तेलात सिनिओल हे औषधी द्रव्य प्रमुख असे. हा भेद मुख्यतः आनुवंशिक असतो. सबब केवळ खतपाणी देऊन एका प्रकारच्या झाडापासून दुसऱ्या प्रकारचे तेल मिळत नाही.

हाच बोध खानदेशच्या डोंगराळ भागातील रोशा गवतास लागू पडतो. रोशाचे मोतिया व सोफिया असे दोन प्रकार आहेत. दिसण्यात त्यांतील भेद ओळखणे कठीण असते. मोतियाच्या तेलात गुलाबासारखा वास देणारे जिरॅनिऑल शेकडा ७५ किंवा अधिक असते व त्यास साबण आणि अत्तरांच्या धंद्यात चांगली मागणी असते. सोफियाच्या तेलात ते पुष्कळ कमी असते. त्यामुळे त्यास भावही कमी मिळतो. रोशाचे पीक अनेक वर्षे शेतात राहते. म्हणून लागवडीच्या वेळी बियाण्यात झालेली भेसळ वर्षानुवर्षे नुकसान करते.

ग्रामसेवकांनी पुढील गोष्टी शेतकऱ्यांस समजावून द्याव्यात :

१. बी किंवा रोपे खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावीत. ज्या झाडांच्या तेलाचे पृथक्करण झाले आहे, त्यांचेच बी वापरावे.

२. मोठ्या क्षेत्रावर लागवड करण्यापूर्वी थोड्या गवताचे तेल काढून ते प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.

३. बाष्पनशील तेल पोटात घेऊ नये. निलगिरीचे तेल थोडेसे जरी लहान मुलाच्या पोटात गेले, तरी झटके येऊन शुद्ध हरपते व प्राणावर बेतू शकते. टी ट्रीचे तेलही गिळल्यास विषारी ठरते. अशा वेळी मुलास ओकारी काढावयास लावू नये. बाटलीसह तत्काळ रुग्णालयात न्यावे.

४. तान्ह्या मुलाच्या नाकाला किंवा चेहऱ्याला असे तेल वा कापूर लावू नये. बाटलीवर नाव लिहून ती मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावी.

५. जखम प्रथम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी. खोल जखमेवर तेलाचा भरवसा न धरता प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे व धनुर्वाताची लस टोचून घ्यावी.

सुवास ही तेलाची ओळख खरी. परंतु तेवढ्यावर लागवड करणे किंवा औषध देणे धोक्याचे आहे. आधी परीक्षा व मग उपयोग, हाच क्रम शेतात आणि घरात हितकर होय.