वाचनकट्ट्यानं शिकवलेलं

ठाण्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर महिन्याला वाचनकट्टा भरतो. दलित, भटके, आदिवासी, मुसलमान, ख्रिस्ती, बायका, ज्यांचं लिहिलेलं आपल्या घरच्या कपाटात सहसा नसतं, त्यांचं मराठी वाचायचं, एवढं ठरवून तो सुरू झाला. इतरांनाही उपयोग होईल म्हणून काही अनुभवाचे बोल.

१. हळहळ म्हणजे चर्चा नव्हे. "किती सोसलं हो यांनी!" असं कुणी म्हटलं की सगळे माना हलवतात आणि विषय तिथंच संपतो. 'बलुतं'च्या बैठकीत मात्र एका काकांनी मुद्द्याला हात घातला. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतोय, अशी मांडणी का? माणूस तर एकच! एक जण म्हणाली, शहरात नोकरी करणाऱ्याला गावकुसाबाहेरचं बालपण थेट आपलं म्हणून सांगणं जड जात असेल. दुसऱ्याचं म्हणणं, सांगायला समोर कुणीतरी ऐकणारं हवंच. हॉलची वेळ संपली तरी कुणी उठेना. १९७८ साली आलेल्या या पुस्तकाच्या लेखकाला त्या संध्याकाळी आम्ही लेखक म्हणून वाचलं. त्याचा खरा मान तोच.

२. मोठ्यानं वाचा. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' फलटणला दुकान सांभाळत, घरच्यांपासून लपवून लिहिलं. कागद वर्षानुवर्षं दडवून ठेवले. आमच्यातल्या साताऱ्याकडच्या एका ताईंनी त्यातली पानं वाचायला घेतली. पहिल्या परिच्छेदानंतर बाकीच्यांनी आपापल्या प्रती मिटल्या. डोळ्यांनी वाचताना अडखळायला लावणारी वाक्यं त्यांच्या तोंडून सरळ येत होती, आणि एकट्यानं वाचताना निसटलेल्या जागांवर लोक खळखळून हसले.

३. कुणालाही त्याच्या समाजाचा वकील करू नका. "तुमच्याकडे खरंच असं असतं का?" हा प्रश्न आमच्याकडे बंद आहे. सदस्य पुस्तकावर बोलायला येतो, साक्ष द्यायला नाही. स्वतःहून कुणी घरचं सांगितलं, तर सगळ्यांनी गप्प बसून ऐकावं.

४. आत्मकथनांवर थांबू नका. 'उपरा', 'आयदान' वाचायलाच हवीत. पण बाबुराव बागुलांच्या कथा १९६३ च्या, हमीद दलवाईंची 'इंधन' कादंबरी १९६५ ची, ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ चा. वाहरू सोनवणे यांची कविता तर भिलीतूनही येते. या लेखकांनी फक्त आपली दुःखं लिहिली, हा समज तिथं गळून पडतो.

५. पुस्तक मिळत नाही ही सबब चालवू नका. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे. तुमच्या गावातही नगर वाचनालय असेल. तिथल्या ग्रंथपालांना विचारा.

नव्यानं कट्टा सुरू करणार असाल, तर ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्री-पुरुष तुलने'पासून करा. १८८२ सालचं बुलढाण्याच्या बाईचं हे छोटंसं पुस्तक एका बैठकीत वाचून होतं. पुरुष सदस्यांनाही आवर्जून बोलवा.