परत येणारे मेल आणि ‘नको’ म्हणणारे सभासद

प्रश्न : आमच्या वाचनालयाचं ई-पत्र दरमहा सभासदांना जातं. काही मेल परत येतात. शिवाय ज्यांनी ‘नको’ कळवलं, त्यांनाही पत्र जातच राहतं. यादी कशी सांभाळावी?
– एक ग्रंथालय सचिव

उत्तर : परत आलेला मेल पुसण्याआधी त्यातला संकेतांक पाहा. ‘५.१.१’ म्हणजे असा पत्ताच नाही. सभासदाचा मूळ अर्ज काढून स्पेलिंग ताडा. चूक नसेल तर पत्ता लगेच थांबवा. ‘४.२.२’ म्हणजे पेटी भरली आहे. ही अडचण तात्पुरती असते आणि सर्व्हर काही काळ स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. मात्र लागोपाठ तीन अंक परत आले, तर पत्ता बाजूला काढून सभासदाला फोन करा. बंद पत्त्यांवर पाठवत राहिलात, तर बाकीच्यांचीही पत्रं स्पॅममध्ये जाऊ लागतात.

‘नको’ म्हणणाऱ्याचं नाव नुसतं पुसू नका. पुढे कोणीतरी जुनी एक्सेल फाइल चढवतं आणि ते नाव परत येतं. तुमच्याकडे बहुधा हेच होत असावं. ‘पाठवू नये’ अशी वेगळी यादी ठेवा आणि प्रत्येक अंकाआधी तिच्याशी मेळ घाला.

जीमेलवर दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना २०२४ पासून एका क्लिकवर नकाराची सोय देणं आणि तो दोन दिवसांत अमलात आणणं बंधनकारक आहे. तुमची यादी लहान असली, तरी दोन दिवसांचा हा नियम पाळाच.